सोळाचे पंधरा

टॉडमॉर्डनला, रेल्वेच्या तिसऱ्या कमानीखाली
बेरिल ग्रीनवुडचं गॅरेज.
वरून मँचेस्टरची गाडी गेली की
भिंतीवरचे पाने किणकिणतात,
बेरिल बोलायची थांबते,
आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे.

आज तिनं माझ्या मोटरसायकलचं पुढचं चक्र काढून
माझ्या तळहातावर ठेवलं.
सोळा दात. सगळे एकाच दिशेला झुकून
विळे झालेले,
खाचांत तीन हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
काळ्या वंगणात कालवलेलं.
"चेन नवी आणि चक्रं जुनी, असं करू नकोस.
आठवडाभरात जुनी नवीला आपल्यासारखी करतात."
मग म्हणाली, "किती दात देऊ?"

मला वाटलं होतं, होते तेवढेच देतात.

वडील इचलकरंजीला मागांवर जॉबर होते.
पिक बदलायचा असला की मालक
नुसता कापडाचा तुकडा पुढे करायचा.
हे भिंगातून धागे मोजायचे,
खिशातून एक दातेरी चाक काढायचे,
आणि तोच माग, तेच सूत,
दुपारपर्यंत दुसरंच कापड विणायला लागायचं.
पाढे मी तिथंच शिकले,
खटखटाटाच्या वर आवाज काढून.

बेरिल कॅल्क्युलेटर शोधतेय.
पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन, ती सांगते.
पुढचे कमी केलेस तर चढाला ओढ मिळेल,
पण मोटरवेवर इंजिन तासभर ओरडेल.
वाढवलेस तर मोटरवेवर झोप येईल इतकं शांत,
आणि क्रॉस स्टोनच्या चढावर
पहिला गिअर आणि देवाचं नाव.
मी तिला आपली म्हण सांगितली,
दात आहेत तर चणे नाहीत.
चणे म्हणजे काय, तिनं विचारलं.
ते समजावण्यात चहा गार झाला.

"तू जातेस तरी कुठं कुठं?"

सकाळी लंबट्सला, मिस्टर हॉर्सफॉलांच्या पायाची जखम धुवायला.
तिथून मँकिनहोल्स, दोन इन्सुलिन, एक कॅथेटर.
वर, खाली, परत वर,
मागच्या डब्यात बँडेजं आणि कधीमधी कुणाचं तरी जॅम.
आणि शुक्रवारी एम बासष्टनं हलला

हे मी म्हटलं नाही.
नऊ वर्षांचे शुक्रवार.
गल्लीच्या तोंडाशी इंजिन ऐकूनच
श्रीपाल जिन्यातला दिवा लावायचा.
मागच्या ऑक्टोबरात त्यानं ते घर विकलं,
फोनवर कळवलं, आवाज अगदी नीट होता.
शुक्रवारी मी आता कपडे धुते.

"चढावर," मी म्हटलं. "नुसती चढावर."

बेरिलनं चेन पसरली. एकशे बारा कड्या.
सोळा सत्ते बारोदरसे, मी मराठीत पुटपुटले,
आणि तिथंच अडकले.
म्हणजे दर दाताला सात कड्या,
त्याच सात, हजारो मैल,
बाकीच्यांची तोंडओळखही नाही.
पंधरानं मात्र भाग जात नाही.
दर फेरीला जागा चुकते,
चुकत चुकत पंधरा फेऱ्यांत
प्रत्येक दाताला प्रत्येक कडी भेटून जाते.
"बरं असतं ते," बेरिल म्हणाली,
"झीज वाटली जाते."
वरून गाडी गेली. आम्ही दोघी थांबलो.

पुढे पंधरा. मागे सत्तेचाळीस,
ज्याला एकाशिवाय कोणी भागत नाही.

जुनं चक्र तिनं भंगारात टाकू का विचारलं.
मी ते रुमालात बांधून घेतलं. कशाला, माहीत नाही.

क्रॉस स्टोन दुसऱ्या गिअरमध्ये चढले.
वळणावर एक मेंढी उभी होती, तिनं वाट दिली नाही,
मी थांबले, पुन्हा निघाले, चढावरच,
क्लच न जाळता.

एवढंच, की काट्याला हे कुणी सांगितलेलं नाही.
मी तिशीनं जात असते,
तो तेहतीस दाखवतो.
दाखवू दे.
पोहोचायला लागतो तेवढाच वेळ लागतो.